रीडिंग शून्य, पंखा सुसाट: भट्टीच्या कंट्रोलरची तीच चिप पुन्हा पुन्हा का जळते

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दाजींचा फोन आला. "डब्यावर शून्य आलंय आणि पंखा काही थांबंना झालाय. दोन कोंबड्यांचा कोळसा झाला रे." मागून अक्काचा आवाज: "आता तरी ते काढून टाक म्हणावं त्याला."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. त्यांचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. त्यांच्या अंगणात दोनशे लिटरच्या तेलाच्या ड्रमची भट्टी आहे. ड्रम उभा कापून दार, पाय आणि जाळी बेळगावच्या उद्यमबागेत ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतली. खाली लाकडी कोळसा, त्यावर आंब्याच्या वाळक्या लाकडाचे दोनचार तुकडे, वर मांस. मटणाची तंगडी ११० अंशांवर पाचसहा तास ठेवायची असेल तर कोणीतरी सारखं हवेचं भोक उघडझाक करत बसायला लागतं. ते काम मी एका डब्याला दिलं. आत आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा प्रोब), त्याचं सूक्ष्म व्होल्टेज मोजणारी मॅक्स ३१८५५ चिप, आणि एक मॉसफेट. तो १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर कमीजास्त फिरवतो. वारा जास्त गेला की कोळसा फुलतो, कमी गेला की निवतो. बस्स एवढंच.

डबा असा मेल्याची ही तिसरी वेळ होती, आणि तिन्ही वेळा मेली ती ३१८५५ चीच चिप. ज्यांनी असलाच डबा बनवलाय आणि तोच भाग बदलून बदलून वैतागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी शून्याचं बघू. चिप जळली तर डबा बंद पडेल असं आपण धरून चालतो. पण ती जळून तिची डेटाची पिन खाली, ग्राउंडला चिकटते तेव्हा नॅनोला सगळे बिट शून्य मिळतात. सगळे बिट शून्य याचा अर्थ तापमान शून्य अंश आणि बिघाड काही नाही. वायर तुटली तर चिप स्वतः सांगते, चिप वाचणारा तयार कोड (लायब्ररी) आकड्याऐवजी 'आकडा नाही' असं परत देते, आणि आपण त्यावर पंखा बंद करायची ओळ लिहिलेली असते. इथं तसं काही होत नाही. प्रोग्रॅमला वाटतं भट्टी बर्फासारखी गार आहे, आणि तो इमानदारीत पंखा शंभर टक्क्यांवर सोडतो. दाजींच्या कोंबड्या अशा गेल्या.

म्हणून सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवा. रीडिंग ५ अंशांच्या खाली गेलं की पंखा शून्यावर. आपल्याकडं डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा भट्टी एवढी गार होत नाही. दुसरी ओळ चिपच्या आतल्या तापमानाची. ३१८५५ थर्मोकपलबरोबर स्वतःच्या अंगाचं तापमानही कळवते. ते साधारण डब्यातल्या हवेएवढं, म्हणजे पंचवीस ते चाळीसच्या आसपास हवं. तेही शून्य आलं तर समोरून जे येतंय ते तापमानच नव्हे.

आता मूळ दुखणं.

पहिल्यांदा चिप गेली ती वळवाच्या पावसात. चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, कडाड् झालं, लाईट गेली, आली, परत गेली. जंगलातून येणारी लांबच लांब लाईन, झाडाच्या फांद्या, त्यात गावाबाहेरचा टीसी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. (आमच्याकडं टीसी, निपाणी ओलांडून कागलात गेलं की त्याचाच डीपी होतो.) वीज पडली, चिप गेली, यात शोधण्यासारखं काय आहे? नवीन चिप मागवली, बसवली. दुसऱ्यांदाही वळीवच. त्या वेळी मी अडॅप्टरच्या आधी सर्ज प्रोटेक्शनचं एक्स्टेन्शन लावलं, १२ व्होल्टच्या लाईनवर पी६केई१८ए हा टीव्हीएस डायोड (जास्तीचं व्होल्टेज आलं की ते गिळणारा) टाकला आणि स्वतःवर खूष होऊन बेळगावला परत आलो.

तिसऱ्यांदा आभाळात ढग नव्हता.

"लाईट गेली होती काय?"
"नाही की. दिवसभर होती."
"मग काय केलंसा वेगळं?"
"मी काय करणार? अक्कानं अंगण धुतलं, मी भट्टी लावली."

फोनवर मला त्यात काही वाटलं नाही. पुढच्या रविवारी गेलो, अंगणातल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो, एका हातात डबा धरून दुसऱ्या हातानं ड्रमला टेकलो, तेव्हा बोटांत बारीक मुंग्या आल्या. झटका नाही, मुंग्याच. दाजी म्हणाले, "हे तर नेहमीच होतं की. तुला सांगायचं राहिलं."

हे राहिलेलं सांगणंच सगळ्यात कामाचं होतं.

असल्या मुंग्यांची परीक्षा कशी करायची ते नीट सांगतो, कारण इथं चूक झाली तर जिवावर बेतेल. पायात रबरी चप्पल, एक हात खिशात. अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवायचा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, वरच्या रेंजला. एक क्लिप ड्रमच्या पायाला, दुसरी अडॅप्टरच्या १२ व्होल्टच्या मायनसला. थर्मोकपल डब्यातून काढलेलं. मग अडॅप्टर लावायचा आणि हात न लावता आकडा बघायचा. दाजींच्या अंगणात ९४ व्होल्ट आले. आकडा बघून दाजी दोन पावलं मागं सरले.

पण ९४ व्होल्ट म्हणजे काय हे अजून ठरत नाही. अडॅप्टर परत काढायचा, मीटरच्या दोन क्लिपांमध्ये १० किलो-ओहमचा रेझिस्टर अडकवायचा, पुन्हा लावायचा. आता आकडा एका व्होल्टच्या खाली आला. म्हणजे मागं ताकद नाही. मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाएवढा करंट, बास. रेझिस्टर लावूनही आकडा पन्नास-शंभरवर ठाम राहिला असता तर तो अडॅप्टर आतून फुटलेला. तो तिथंच कापून फेकायचा, दुरुस्ती बिरुस्ती काही नाही.

हा बारीक करंट येतो कुठून? दोन पिनांच्या एसएमपीएस (मोबाइलच्या चार्जरसारख्या हलक्या) अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू ट्रान्सफॉर्मरनं वेगळी केलेली असते, पण त्या दोन बाजूंना जोडणारा एक छोटा निळा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो. वाय कपॅसिटर. रेडिओत खरखर होऊ नये म्हणून तो लागतो. क्षमता एक-दोन नॅनोफॅरड. ५० हर्ट्झला त्यातून थोडाच करंट झिरपतो, माणसाला मुंग्या येण्यापुरता. अर्थची पिन नसल्यामुळं त्याला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून डब्याची सगळी १२ व्होल्टची बाजू अधांतरी, जमिनीपासून शंभरेक व्होल्ट वर तरंगत राहते. मोबाइल चार्जिंगला लावून पत्र्याच्या कपाटाला टेकवला की कधीकधी जी झणझण लागते, ती हीच.

आता थर्मोकपल. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच के टाइप प्रोबमध्ये दोन तारांचं टोक स्टीलच्या नळीलाच आतून जोडलेलं असतं. त्यानं रीडिंग लवकर येतं. ही नळी ड्रमला नटबोल्टनं कसलेली. ड्रमचे लोखंडी पाय अंगणात. अंगण कोरडं, पायाखाली विटा, तोवर ड्रम हवेतच असल्यासारखा. अंगण ओलं झालं की ड्रम जमिनीला लागला. तरंगणाऱ्या डब्याला जमिनीत जायची वाट मिळाली, आणि ती वाट कुठून? प्रोबच्या तारेतून, म्हणजे चिपच्या इनपुटमधून. ३१८५५ मध्ये थर्मोकपलची मायनस तार ग्राउंडला जोडलेली नसते, चिप ती स्वतः आतून धरून ठेवते. (जुन्या मॅक्स ६६७५ चिपमध्ये ती ग्राउंडला असते, म्हणून ती थोडी जास्त टिकते. मी 'सुधारणा' म्हणून ३१८५५ घातली होती.) डबा आणि ड्रम यांच्यात दुसरी तारच नाही. अडॅप्टर बोर्डात घालताना नेमकी लाईनची लाट शिखरावर, सव्वातीनशे व्होल्टवर असली तर वाय कपॅसिटर एका फटक्यात भरतो आणि तो फटका सगळाच्या सगळा तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपच्या अंगावर. वळवात तर लाईनवर येणारा धक्का त्याच कपॅसिटरमधून सरळ पार होतो. माझा टीव्हीएस डायोड १२ व्होल्टच्या प्लस आणि मायनसच्या मध्ये बसला होता. हा धक्का प्लस-मायनस दोन्हींना एकदमच वर उचलतो, त्याला तो डायोड काय करणार? बसून बघत होता.

थोडक्यात, वळवात गडगडतं तसं अंगणही भिजतं. मी दोन वेळा वर बघत राहिलो, पाय भिजले होते ते दिसलं नाही.

मेलेली चिप ओळखायची कशी? डोळ्यांना काही दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून बघितली, अक्षरंसुद्धा जशीच्या तशी. बोर्ड सुटा करून मीटर ओहमवर लावला: थर्मोकपलच्या प्लस टर्मिनलपासून ग्राउंडपर्यंत ३८ ओहम. नव्या चिपला त्याच जागी मीटर मेगाओहममध्ये जातो. जुन्या दोन मेलेल्या चिपा काडेपेटीत ठेवल्या होत्या, त्याही काढून मोजल्या. दोन्हींचं तेच टर्मिनल गेलेलं. हे पहिल्याच वेळी मोजलं असतं तर धक्का प्रोबकडून येतोय हे तेव्हाच कळलं असतं. अडॅप्टरकडून आला असता तर मरायची पाळी सप्लायच्या पिनची होती.

चिप बदलायच्या आधी बाकीचं तपासा, आणि क्रम मोडू नका. मी एकदा मोडला आणि कोरा नॅनो घालवला. पहिलं, सगळं सुटं करून फक्त अडॅप्टर आणि १२ वरून ५ करणारं कन्व्हर्टर एवढंच जोडा आणि ५ व्होल्टच्या टोकाला मोजा. हे कन्व्हर्टर, म्हणजे एलएम२५९६ ची ती निळी पट्टी, जळताना कधीकधी आतल्या आत शॉर्ट होते आणि बारा व्होल्ट जसेच्या तसे पुढं सोडते. तिच्यावर नवीन नॅनो ठेवला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वास येतो.

मग मॉसफेट. पंखा बटण दाबल्याक्षणी, नॅनो जागा व्हायच्या आधीच पूर्ण वेगात सुटत असेल तर मॉसफेट शॉर्ट. बोर्डावरून काढा, मीटर डायोडच्या खुणेवर, ड्रेन आणि सोर्समध्ये (पंख्याचा करंट ज्यांतून जातो ते दोन पाय; तिसरा गेट, नॅनोकडून हुकूम घेणारा) दोन्ही बाजूंनी लावून बघा. एका बाजूनं अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि उलट्या बाजूनं काहीच नाही, म्हणजे ठीक. दोन्ही बाजूंनी बीप म्हणजे गेला. त्या जागी आयआरएलझेड४४एन घाला. दुकानदार आयआरएफ५२० देऊ करेल, दिसायला तोच, पण नॅनोच्या पाच व्होल्टवर तो पुरता उघडत नाही आणि तापत बसतो. 'एल' अक्षर बघून घ्या. गेटला २२० ओहम, गेटपासून ग्राउंडला १० किलो-ओहम, आणि पंख्याच्या दोन टोकांवर १एन५८१९ डायोड उलटा. मॉसफेट गेला असेल तर नॅनोची ती पिनही संशयित. दुसऱ्या पिनवर तार हलवा आणि प्रोग्रॅममधला आकडा बदला, भांडत बसू नका.

नॅनो पाच व्होल्टचा आणि ३१८५५ तीन पूर्णांक तीनची, हेही बघा. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर मधला व्होल्टेज बदलणारा भाग घातलेलाच नसतो. चालतं, पण दर मिनिटाला चिपला चिमटे बसत असतात.

आता खरी दुरुस्ती. प्रोब बदला. 'अनग्राउंडेड' म्हणून मागा आणि पैसे द्यायच्या आधी मीटर लावा: तार आणि स्टीलची नळी यांच्यात बीप आली तर परत करा. ड्रमला कसलेला जुना स्क्रूवाला प्रोब ठेवायचाच असेल तर जुन्या इस्त्रीच्या कॉइलमधला मायका कापून वॉशरसारखा दोन्ही बाजूंनी घाला, मात्र भोकात आटे पत्र्याला लागता कामा नयेत. दाजींनी माझ्या आधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून बघितली होती. पहिल्याच भट्टीत तिचा वास चिकनला लागला. आणि मायका ड्रमच्या प्रोबपुरताच. मांसात खुपसायचा प्रोब जाळीला आणि मांसाला टेकणारच, तो अनग्राउंडेडच हवा.

त्यानंतरच, आधी नाही, डब्याच्या ग्राउंडपासून ड्रमला एक जाड तार टाका आणि ड्रमला घराच्या अर्थिंगला जोडा. आता झिरपणाऱ्या करंटला आणि धक्क्याला चिप सोडून दुसरी, सोपी वाट आहे. जुना प्रोब तसाच ठेवून ही तार टाकली तर ३१८५५ लगेच 'ग्राउंडला शॉर्ट' म्हणून बिघाड दाखवेल. तो बिघाड नव्हे, चिप बरोबर सांगत असते. थर्मोकपलच्या दोन्ही तारांत १०० ओहमचा एकेक रेझिस्टर आणि चिपच्या पायाशी दोन तारांच्या मध्ये १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर घाला. रेझिस्टरनं रीडिंगमध्ये अर्ध्या अंशाच्या आतच फरक पडतो. कपॅसिटर मी आधी घातला नव्हता. बेळगावातल्या वडगावात आमच्या गल्लीत माग सुरू असले की माझ्या टेबलावर रीडिंग चारचार अंश नाचायचं आणि मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसायचो. कपॅसिटर टाकला, नाच थांबला.

तार जोडताना उलटसुलट झाली तर भट्टी तापेल तसं रीडिंग उतरतं. रंगांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकन पद्धतीत के टाइपची मायनस तार लाल असते, आणि आपला हात सवयीनं लाल प्लसला लावतो. फ्रिजवरचं लोहचुंबक आणा. जी तार चिकटते ती ॲल्युमेल, तीच मायनस.

सगळं जोडून झाल्यावर उकळत्या पाण्यात तपासलं. दाजी शेजारी उभे.

"साडेसत्त्याण्णव दाखवालाय. बिघडलंय अजून."
"नाही दाजी, पाणीच साडेसत्त्याण्णवला उकळालंय."

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर वर आहे. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू अंदाजे एका अंशानं उतरतो, म्हणून माझ्या वडगावच्या स्वयंपाकघरात पाणी शंभरच्या अडीच अंश आधीच उकळतं. नेटवर वाचून प्रोग्रॅममध्ये अडीच अंश वाढवून ठेवणारे लोक मी बघितलेत. मग कोंबडी आतून ७४ अंशांना पोचली असं डबा सांगतो, पण असते ती साडेएकाहत्तरला. बर्फ आणि पाण्याच्या गाळात शून्य येतं का तेही बघा, तिथं उंचीचा प्रश्न नाही. मात्र ते बघताना पंखा काढून ठेवा, नाहीतर वर सांगितलेल्या कारणानं तो बंदच राहील आणि तुम्ही मॉसफेट शोधत बसाल.

दाजींच्या घरी मी शेवटी अडॅप्टरच काढून टाकला. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी ठेवली. ब्लोअर आणि नॅनो मिळून सरासरी पाव अँपिअरसुद्धा खात नाहीत, म्हणजे निम्मीच बॅटरी वापरली तरी बारा-चौदा तास आरामात. लाईनशी संबंधच नाही, मग वाय कपॅसिटर नाही, मुंग्या नाहीत. बॅटरीच्या प्लसपासून चार बोटांवर २ अँपिअरचा फ्यूज मात्र हवाच. ही बॅटरी शॉर्ट झाली तर वेल्डिंगसारखी ठिणगी देते.

एक गोष्ट राहिली होती. भट्टी चालू असताना चार्जर लावला तर तो वाय कपॅसिटरवाला रस्ता पुन्हा उघडतो. दाजींना हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते "होय होय" म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात बघतो तर भट्टी धुमसतेय आणि चार्जरचा हिरवा दिवा चालू. म्हणून आता चार्जिंगचा सॉकेट बॅटरीच्याच अंगावर, डब्याच्या आतल्या बाजूला वळवून बसवलाय. बॅटरी डब्यातून बाहेर काढल्याशिवाय पिन आत जातच नाही.